मजुरी न घेतलेली बाई

तुम्ही माझ्या आईला बिनकामाची बाई ठरवलंत. तुम्ही म्हणजे नक्की कोण, हे मला अजून कळलेलं नाही. निकालाखाली सही एकाच माणसाची आहे, पण ते गणित काही त्यानं बसवलेलं नाही. त्याच्या आधी कुणीतरी ते पुस्तकात मांडलं, कुणीतरी फळ्यावर काढून दाखवलं, वरच्या कोर्टानं उचललं, विमेवाल्यांना सोयीचं पडलं, आणि वापरून वापरून ते इतकं गुळगुळीत झालं की आता त्याला कुणी बाप उरलेला नाही. म्हणून मी तुम्हां सगळ्यांना एकाच नावानं हाक मारते. तुम्ही. माझी आई टेम्पोखाली गेली त्याचा जाब मी तुम्हाला विचारत नाही. तो ड्रायव्हर रात्रभर टोमॅटो वाहून पेंगलेला होता, त्याचं त्याला भोगावं लागेल. पण ती मेल्यावर, ती जिवंत असताना काहीच मिळवत नव्हती, हे तुम्ही ठरवलंत. आणि ते सिद्ध करायला तुम्हाला बाहेरचा कुणी सापडला नाही. तुम्ही माझ्या बापाचं तोंड वापरलंत.

आज सकाळी मी शिवाजीनगरला कुंडलिकभाऊंच्या दुकानात होते. कोर्टाच्या मागच्या गल्लीत टायपिंग, झेरॉक्स, स्टॅम्पपेपर अशी एकमेकांना चिकटलेली दुकानं आहेत, त्यातलं हे एक. बारावी होऊन डोंगरातून खाली आले ती ह्याच खुर्चीत बसले आणि अपघाताचे दावे टाइप करायला लागले. समोर एका वकिलाचा ज्युनियर उभा राहून सांगत होता, मी बडवत होते. मयत संगणक अभियंता, लहान वय, मोठा पगार, तो पुढे वाढला असता म्हणून वर भर, मग वयाप्रमाणे गुणक. मला हे सगळं झोपेतही येतं. तेवढ्यात मोबाईल थरथरला. आमच्या वकिलांनी निकाल पाठवला होता, खाली एवढंच, 'अपील करू, वडिलांना समजावा.' निकालात कुठे काय असतं ते मला पाठ आहे. मी वरचं सगळं सरकवत थेट त्या परिच्छेदाला गेले. वाचलं. पुन्हा स्क्रीनकडे वळले तर बोटं हलेनात. कुंडलिकभाऊ काउंटरवरून म्हणाले, ‘‘काय गं, लाईट गेली का?’’ म्हटलं, नाही. ‘‘मग मशीन का बंद पडलं?’’ ते मला लाडानं मशीन म्हणतात. ज्युनियर घड्याळ बघत म्हणाला, ‘‘मॅडम, ते वजा एक तृतीयांश टाका ना. मयताचा स्वतःवरचा खर्च.’’ मी टाकलं. वजा एक तृतीयांश. हे मी किती मेलेल्या माणसांच्या नावापुढं टाकलं असेल, कधी हात अडखळला नव्हता. माणूस मेला की त्याच्या कमाईतून त्यानं स्वतः जे खाल्लं-ल्यालं असतं ते आधी कापायचं, उरेल ते घरच्यांचं नुकसान. हिशेबाला चूक काही नाही. फक्त मला एकदम आईचे पाय दिसले. ती चप्पल हातात धरून डोंगर उतरायची आणि डांबरी आली की पायात घालायची, दगडांवर झिजू नये म्हणून. पाय झिजले तरी चालतील. सगळ्यांत शेवटी जेवायची, तेही चुलीपुढं, पातेल्यातच. माझं जुनं स्वेटर ती थंडीत घालायची आणि मी दिवाळीला घरी गेले की काढून, धुऊन, घडी करून ठेवायची, जणू माझंच आहे, तिनं नुसतं सांभाळलंय. तिसरा हिस्सा म्हणे. तो तिनं कुठं उधळला ते आधी शोधून दाखवा, मग कापा.

मी उठले. भाऊंना म्हटलं, घरी जाऊन येते. ते काही विचारायच्या आत पायरी उतरले.

वाकडेवाडीला आळेफाट्याची गाडी लागलेलीच होती. खिडकी मिळाली. मी निकाल पुन्हा उघडला नाही, गरज नव्हती, ती तीन वाक्यं डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी काही शिकलेली नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला बाहेरून बसले ती तिथंच राहिले. पण लोक दावे टाइप करताना हात बघतात, मी शब्द बघायची. रद्दीतून कायद्याची जुनी पुस्तकं आणली, अर्थशास्त्राची गाईडं आणली, न कळलेलं पुन्हा पुन्हा वाचलं. त्या गाईडांत एक उदाहरण हमखास असायचं, मालकानं स्वयंपाकिणीशी लग्न केलं की देशाचं उत्पन्न घटतं, कारण तोच स्वयंपाक आता बिनपगारी झाला. मास्तर लोक हे वर्गात हसून सांगत असणार आणि पोरंही हसत असणार. मला हसू आलं नाही, मला वाटलं पुढच्या पानावर हे कसं दुरुस्त केलं ते दिलेलं असेल. पुढच्या पानावर दुसरा धडा होता. मग एक प्राध्यापक प्रबंध टाइप करायला घेऊन आले. अर्थशास्त्राचे सिद्धांत कायद्यात आणि नीतीत कसे उतरतात, असा काहीसा विषय. भला माणूस. चहा सांगायचा, चूक झाली तर ओरडायचा नाही. त्यांनी लिहिलं होतं, भरपाई म्हणजे माणसाला घटनेच्या आधी तो जिथं होता तिथं परत नेऊन ठेवणं. आणि किती गेलं हे कळायला बाजारातला भाव बघावा लागतो, कारण दुसरं मोजमाप आपल्याकडे नाही. मी थांबले. म्हटलं, सर, आमच्याकडे आहे. पडकई सांगितली त्यांना. ऐकताना त्यांचे डोळे चमकले. ‘‘अरे वा! फारच सुंदर उदाहरण. तळटीपेत घालू या.’’ आणि घातलं. ‘पश्चिम घाटातील काही डोंगराळ समाजांत श्रमाची बिनपैशाची देवघेव आढळते.’ आढळते. बिबट्या आढळतो तशी. पण मला तेव्हा आनंदच झाला होता, आई तेव्हा होती. फोन करून सांगितलं, आये, तू पुस्तकात गेलीस. ती म्हणाली, ‘‘अगं बया. मंग आता मला सोवळ्यात ऱ्हावं लागंल का?’’ आणि फोनवर तिचं ते हसू, आधी खोकल्यासारखं, मग मोकळं सुटलेलं.

मंचरला अवसरीच्या कॉलेजची पोरं चढली, घामाचा आणि डिओचा एकत्र वास आला. माझ्या मागं दोघं उभे. ‘‘तो लागला ना राव कॅम्पसमधून.’’ ‘‘पॅकेज काय?’’ दुसऱ्यानं आकडा सांगितला. ‘‘मग त्याचं काय, आता पोरगी बी मिळंल.’’ ‘‘आणि तुझं?’’ ‘‘माझं काय, घरचा कांदा हाय, बापाला वाटतं पोरगं हाताशी आलं.’’ ‘‘म्हंजी फुकट.’’ ‘‘फुकटच की, भाऊ.’’ आणि दोघं खदखदून हसले. मला त्यांचा राग येईना. त्यांनी ते तुमच्याकडून घेतलंय. माणूस काय करतो हे विचारायचं सोडून त्याला काय मिळतं हे विचारणं तुम्ही इतकं सवयीचं केलंत, की पोर आपल्या स्वतःच्या अंगालाही फुकट म्हणतं आणि टाळी देतं. नारायणगाव मागं पडलं. उजव्या अंगाला लांबवर खोडदच्या दुर्बिणीच्या थाळ्या आभाळाकडं तोंड करून बसल्या होत्या. मी काचेला डोकं टेकलं. काच तापली होती, ती थडथड कानशिलात घुसत होती, आणि त्या थडथडीतून मला पहारीचा आवाज यायला लागला.

पडकई काय असते ते तुम्हाला सांगायलाच पाहिजे, कारण तुमच्या निकालात तो शब्द एकदाही आलेला नाही. आमच्याकडं सपाट जमीन देवानं दिलेली नाही. उतार आहे. भात लावायचं तर उतार फोडून, दगड रचून, त्यामागं माती ओढून पायरी करायची, तिला पाणी धरून ठेवता आलं पाहिजे. त्या पायरीला खाचर म्हणतात. एका घराच्यानं हे होत नाही. दोन पिढ्या खपल्या तरी होत नाही. म्हणून भात झोडून झालं की वाडीतलं घरटी माणूस आज एकाच्या उतारावर जातं, उद्या दुसऱ्याच्या. ज्याचं खाचर त्यानं जेवायला घालायचं. बस. मी आल्ये, तू ये. ज्या घरी हात कमी त्यानं कमी द्यायचे, म्हातारी एकटी असेल तर तिनं नुसतं पाणी आणायचं, तेही धरतात. वहीत कुणी लिहीत नाही. लिहून ठेवलं असं कळलं तर त्या घरी दुसऱ्या दिवशी कुणी जाणार नाही. माझ्या लहानपणातली सगळ्यांत जुनी आठवण तीच आहे. मी बांधाच्या सावलीला पोत्यावर पडलेय, वर ऊन, कुठंतरी पहार दगडाखाली जाते आणि एकदम सगळे ‘हां’ म्हणतात, दगड हलतो, उघड्या पडलेल्या मातीचा थंडगार वास येतो, आणि आई पाटी रिकामी करून परत जाताना पायाच्या अंगठ्यानं मला हळूच ढोसते, जागी आहेस का बघायला. त्या पाटीतली माती कुणाच्या खाचराची होती मला माहीत नाही. तिलाही नसेल. वाडीच्या खाली उभं राहून वर बघितलं तर त्या पायऱ्या दिसतात, एकीवर एक, आणि त्यातली एकही अशी नाही की जिच्यात तिचा हात नाही.

आणि मजुरी म्हणजे काय तेही ऐका. माघात पिकअप येते, खालच्या बागायतीतला मुकादम येतो, माणसं मोजून आत भरतो. द्राक्षाची तोडणी, कांद्याची काढणी. आमच्या डोंगरातल्या कितीतरी बाया जातात, पोटासाठी जातात, त्यात लाज त्यांची नाही. पण शेताच्या मालकीणबाईनं वरून ओतलेलं पाणी ओंजळीत प्यायचं, नावानं हाक न मारता ‘ए डोंगरवाली’ म्हणून घ्यायचं, हे ज्यानं पाहिलंय तो आपल्या बायकोला त्या गाडीत चढू देत नाही. माझ्या बापानं पाहिलं होतं. हौशीराम हे त्याचं नाव, त्याच्या आयनं आयुष्यभर ओंजळीत पाणी प्यायलं. त्यानं लग्नात आईला एकच कबूल केलं होतं म्हणे, तुला कुणाच्या रोजावर जावं लागणार नाही. दुसरं त्याच्याकडं द्यायला काही नव्हतं. आणि तेवढं त्यानं पाळलं. अर्धपोटी काढलं, हिरडा गोळा करून विकला, पण पाळलं. त्याच्या जन्मात त्यानं जिंकलेली ती एकच गोष्ट आहे.

आता तो साक्षीचा दिवस. कोर्टाच्या व्हरांड्यात आमच्या वकिलांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, ‘‘वडिलांना सांगा, बाई द्राक्षाच्या बागेत रोजानं जायची असं म्हणायचं. बागवाल्याचं शपथपत्र मी बघतो. सगळे हेच करतात.’’ मी बापाला सांगितलं. त्यानं टोपी काढली, झटकली, परत घातली. ‘‘खोटं कशापायी, नूते? ती मेली हे खरं हाय. टेम्पोनं उडावली हे खरं हाय. त्येवढं पुरं न्हाई व्हय?’’ बरोबर ठकूआत्या आली होती, शेजारची, आईच्या जोडीनं चाळीस पावसाळे चिखलात वाकलेली. ती म्हणाली, ‘‘खऱ्याला काय भ्यायचं?’’ मग आत हाक मारली. विमा कंपनीचे वकील तरुण होते, गोड बोलायचे. बापाला ‘काका’ म्हणाले. ‘‘काका, अपघात झाला तेव्हा काकू कुठं चालल्या होत्या?’’ बाप म्हणाला, हिच्या, ह्या ठकूच्या खाचरावर, पडकईला. ‘‘म्हणजे दुसऱ्याच्या शेतात राबायला.’’ ‘‘व्हय.’’ ‘‘म्हणजे त्या मजूर होत्या.’’ मला वाटलं, देवा, आता नुसतं हो म्हण. एवढं एकच, हो. दार त्यांनीच उघडून दिलं होतं. बापानं पाठ सरळ केली. मी त्याला इतकं सरळ उभं राहिलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, ‘‘न्हाई सायेब. माजी बायको मजूर न्हवती. तिनं जन्मात कुनाकडनं मजुरी घेतली न्हाई.’’ वकील हसले. फार हळू, नम्र. ‘‘बरोबर, काका. आणि काकू गेल्यावर शेती पडीक पडली का?’’ ‘‘न्हाई, न्हाई. भाताच्या आवणीला समदी वाडी आली. न बोलावता आली. एक खाचर ऱ्हायलं न्हाई लावायचं.’’ वर बसलेल्या साहेबांनी खाली मान घालून सांगितलं आणि टायपिस्टनं बडवलं, ‘हे म्हणणे खरे आहे की मयताने कधीही मजुरी घेतली नाही. हे म्हणणे खरे आहे की मयताच्या मृत्यूनंतर शेतीचे नुकसान झालेले नाही.’ त्या किबोर्डचा आवाज मी ओळखते. तो माझाच आवाज आहे.

आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला आणि ठकूआत्याला उभं केलं, काहीतरी सावरावं म्हणून. आईला ती लंकी म्हणायची. तिला मी गाडीत सांगितलं होतं, आत्या, एवढंच म्हण, लंकी आली नसती तर मला रोजानं बाई लावावी लागली असती. खरंच आहे ते. ती ‘व्हय व्हय’ म्हणाली होती. पिंजऱ्यात तिनं ते म्हटलंही, पदर सावरून, शाळेतल्या पोरीसारखं. मग ते गोड वकील उठले. ‘‘आजी, लंकाबाई तुमच्याकडं राबायच्या, तुम्ही त्यांना काय द्यायचा?’’ ‘‘जेवाण.’’ ‘‘आणि पैसे?’’ ठकूआत्याचा चेहरा लाल झाला. ‘‘पैसं? ओ दादा, तुमची आय तुमाला वाढती तवा तुमी ताटात पैसं टाकता व्हय?’’ सगळं कोर्ट हसलं. शिपाई हसला. साहेबसुद्धा हसले, चांगलं हसले, वाईट नाही. ‘‘बाई, हो की नाही सांगा.’’ ‘‘आवं न्हाई! तिला पैसं द्यायला ती काय भाड्याची व्हती? माज्या समद्या खाचरांत तिचा हात हाय, तिच्या समद्यांत माजा. पैशाचं नाव काढू नगा.’’ आणि पुन्हा किबोर्ड. ‘साक्षीदार सांगते की तिने मयतास कधीही मोबदला दिला नाही.’ त्या खोलीत एवढं खरं कुणी बोललं नसेल कधी, आणि एकेक खरं वाक्य माझ्या आईवर मातीसारखं पडत होतं.

बाहेर आल्यावर दोघं खूश. वडापाव खायला बसले. बापाच्या तोंडावर असं काही होतं, जत्रेत कुस्ती मारून आलेल्या माणसासारखं. ‘‘नूते, बराबर बोललो ना?’’ ठकूआत्या म्हणाली, ‘‘पार गप केला मी त्येला. लंकीला मजूर म्हनतोय, मुडदा. आता कागदावं कायमचं आलं बग, तिनं कुनाचं घेतलं न्हाई.’’ बापानं मान हलवली. ‘‘सरकारच्या कागदावं.’’ वडापावचा कागद तेलानं पारदर्शक झाला होता, त्यातून बाकावरची भोकं दिसत होती, मी तीच बघत बसले. म्हटलं, हो बा, बरोबर बोललास. ते खोटंही नव्हतं.

मला सांगा, ह्यात नीती कुठं बसते? तुम्ही म्हणता कायदा खरं बोलणाऱ्याच्या मागं उभा राहतो. बागवाल्याचं खोटं शपथपत्र आणलं असतं तर माझी आई कमावती ठरली असती. तिला एखाद्या मालकानं राबवून, अपमान करून, ओंजळीत पाणी ओतून चार पैसे टाकले असते तर तुम्ही म्हणाला असतात, हिचं नुकसान झालं. तिला कुणी विकत घेतलं नाही म्हणून ती काहीच नव्हती. आणि वाडीनं तिची जागा भरून काढली, आवणीला पाठी वाकवल्या, एक बाई रोप हातात घेऊन म्हणाली ‘‘ह्यो लंकीचा हात हाय’’, आणि चिखलात उतरली. ते तुम्ही विमा कंपनीच्या खात्यात जमा केलंत. माणसाला पूर्वी होता तिथं नेऊन ठेवणं हे तुमचं तत्त्व ना? ते ह्या लोकांनी केलं, पुस्तक न उघडता. आणि तुम्ही त्यांच्याच चिखलाचे हात धरून सही घेतलीत, की बघा, नुकसान नाही. मला रक्कम वाढवून नको आहे. बापालाही नको आहे, त्यानं ती विचारलेलीसुद्धा नाही. अपिलाचं वकील बघतील. मला एक ओळ पाहिजे होती. मयत काम करीत होती. एवढीच. मी ती रोज परक्या माणसांसाठी टाइप करते.

ओतूरच्या पुढं जीप मिळाली. मढला उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घराला कडी. पोरं म्हणाली, समदी वर हायत, ठकूआजीच्या उतारावर. मी वर चढले. अर्ध्या वाटेवरच पहारीचा आवाज आला. नवीन पायरी चालली होती, दगड लावून झाले होते, मागं माती ओढत होते. बाप खाली वाकून दगडाच्या फटीत चिप बसवत होता. आता आमच्या घरचा एकच माणूस जातो, म्हणून तो दोघांचं करायला बघतो, कुणी थांबवलं तरी ऐकत नाही. मला बघून ठकूआत्या ओरडली, ‘‘आली गं पुन्याची सायबीण! अशी हात हालवत आलीस, टोपलं कोन तुजा नवरा उचलनार?’’ सगळे हसले. मग माझ्या तोंडाकडं बघून थांबले. बाप म्हणाला, ‘‘निकाल लागला?’’ मी मान हलवली. पहारी खाली ठेवल्या गेल्या. कुणी बोलावलं नाही, पण सगळे येऊन बांधावर बसले, घाम पुसत, डोक्यावरचे पदर नीट करत, एखाद्याच्या घरी कार्याला बसतात तसे. ठकूआत्या म्हणाली, ‘‘लंकीचं काय लिवलंय ते वाच. पैल्यापास्नं वाच.’’

वाचलं. ड्रायव्हरनं भरधाव आणि निष्काळजीपणे चालवलं, हे वाचलं, तर ‘‘आसं!’’ म्हणाले. लंकाबाई हौशीराम, राहणार मढ, तालुका जुन्नर, हे आलं तेव्हा बापानं टोपी काढून मांडीवर ठेवली. निकाल मराठीत आहे. इंग्रजीत असता तर मी भाषांतर करताना काहीतरी केलं असतं, माझ्या पदरचे दोन शब्द घातले असते, देवानं माफ केलं असतं. पण ते साधं स्वच्छ मराठी आहे, ह्या लोकांना कळेल असं. पुढचं असं आहे, ‘मयताच्या पतीने स्वतः शपथेवर कबूल केले आहे की मयत कधीही मजुरी मिळवीत नव्हती, तसेच तिच्या मृत्यूने शेतीचे नुकसान झाले नाही. सबब मयत कोणतेही मोलाचे काम करीत होती असे सिद्ध होत नाही. तिचे उत्पन्न केवळ नाममात्र धरण्यात येते.’

ते मी वाचलेलं नाही. वाक्य डोळ्यांपुढं आहे, तोंड उघडत नाही. वाचलं तर ह्या माणसाला कळेल, की जन्मात जिंकलेली एकच गोष्ट त्यानं तुमच्यापुढं अभिमानानं ठेवली, आणि तुम्ही तिच्यानंच त्याच्या बायकोला पुसलंत. त्याच्याच तोंडानं. मग तो रडणार नाही. मी त्याला ओळखते. तो नुसता उठेल, दगडाजवळ जाऊन बसेल आणि परत कधी कुणाला ‘बराबर बोललो ना?’ असं विचारणार नाही.

बाप म्हणतोय, ‘‘वाच की गं. पुडं?’’

सगळे माझ्याकडं बघतायत. ठकूआत्यानं कान पुढं केलाय. तुम्ही हे लिहिलंत, तुमच्या पुस्तकांनी, तुमच्या गुणकांनी, तुमच्या हसण्यानं. मी टाइप करणारी बाई, मी आजवर तुमचं सगळं टाइप केलं, पण हे माझ्या तोंडून निघणार नाही. इथं जीप येते, पुढं थोडं चालावं लागतं. या, ह्या बांधावर उभे राहा, ही समोर आहेत ती खाचरं बघा, आणि ह्या माणसाच्या डोळ्यांत बघून ते वाक्य मोठ्यानं वाचा. तुमच्यातलं कोण येतंय? मला नाव पाहिजे. उत्तर द्या.